संगणकाचा वेग आणि नागपूरचा उन्हाळा

उन्हाळ्याची सुट्टी लागली कीं, वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थी एक ठराविक प्रश्न विचारूं लागतात: "थोड्या पैशांत संगणक जुळवावयाचा आहे, पुढें ओव्हरक्लॉक करतां येईल असा कोणता प्रोसेसर घ्यावा?" त्यांच्या मागोमाग पालकांचा प्रश्न येतो: "हें ओव्हरक्लॉक म्हणजे काय, आणि त्यांत आमचे पैसे तर बुडणार नाहींत ना?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि एकाचें उत्तर दुसऱ्यावांचून देतां येत नाहीं. म्हणून दोहोंचा विचार आम्ही येथें एकत्रच करूं.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. कवायतीच्या मैदानावर ढोलाच्या प्रत्येक ठोक्यास पथकांतील सर्व मुलें एकेक पाऊल टाकतात. तद्वत् प्रोसेसरमधील कोट्यवधि सूक्ष्म स्विच एका विद्युत्-घड्याळाच्या ठोक्याबरोबर आपापलें काम करतात. सेकंदास एक अब्ज ठोके पडले म्हणजे त्या वेगास एक गिगाहर्ट्झ म्हणतात. हा वेग दोन संख्यांच्या गुणाकारानें ठरतो. पहिली संख्या म्हणजे मदरबोर्डाकडून मिळणारा मूळ ठोका, आणि दुसरी म्हणजे प्रोसेसरमधील गुणक. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झ आणि गुणक ३६ असला, तर वेग ३,६०० मेगाहर्ट्झ, म्हणजे ३.६ गिगाहर्ट्झ होतो. कारखानदारानें नेमून दिलेला हा वेग आपण होऊन वाढविणें, यासच ओव्हरक्लॉकिंग असें नांव आहे. ज्याचा गुणक आपणांस बदलतां येतो त्या प्रोसेसरास आम्ही या लेखांत 'खुला' म्हणूं, आणि ज्याचा बदलतां येत नाहीं त्यास 'बंद' म्हणूं.

ठोका जलद केला म्हणजे काम जलद होतें, हें उघड आहे. परंतु पथकांतील प्रत्येकाचें पाऊल पुढील ठोक्याच्या आंत जमिनीस टेकलें पाहिजे. एकाचेंही मागें राहिलें तर सारी रांग विस्कटते. प्रोसेसरमध्येंही एका स्विचाचा निकाल पुढील ठोका पडण्याच्या आंत पुढच्या स्विचापर्यंत पोंचला पाहिजे. तो न पोंचल्यास चुकीचें उत्तर पुढें जातें. विजेचा दाब किंचित् वाढविला तर स्विच अधिक चपळ होतात आणि जलद ठोका त्यांस साधतो. म्हणून ओव्हरक्लॉक करणारा मनुष्य बहुधा वेगाबरोबर दाबही वाढवितो. या दाबांतच साऱ्या गोष्टीचें मर्म आहे. त्याचा विचार पुढें येईल.

आतां कोणी विचारील, प्रोसेसरास जास्त वेग सोसतो, तर कारखानदार स्वतःच तो कां देत नाहीं? याचें उत्तर नागपूरकरास संत्र्यांच्या बाजारांत सांपडेल. एकाच बागेंतील, एकाच बहाराचीं संत्रीं आकारानें व गुणानें सारखीं नसतात. तोड झाल्यावर त्यांची प्रतवारी करावी लागते. प्रोसेसरांचेंही तसेंच आहे. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर पुष्कळ प्रोसेसर एकदम घडविले जातात, परंतु ते सगळे सारखे उतरत नाहींत. कारखान्यांत प्रत्येकाची परीक्षा होते. जो थोड्या दाबांत जास्त वेग सोसतो त्यावर महागाची चिठ्ठी लागते, इतरांवर स्वस्ताची. परंतु हंगाम उत्तम साधून मोठींच फळें फार आलीं, आणि गिऱ्हाईक मात्र लहान, स्वस्त फळ मागत आहे, असें झालें तर व्यापारी काय करील? तो मोठीं फळेंही लहानांच्या पेटींत भरून विकील. प्रोसेसरांच्या कारखान्यांतही हाच प्रकार घडतो. कारागिरी सुधारून बहुतेक माल उत्तम निघूं लागतो, मागणी मात्र स्वस्त मालासच अधिक असते; मग उत्तम प्रोसेसरावरही स्वस्ताची चिठ्ठी चिकटते. ओव्हरक्लॉकिंगचा नफा मुख्यतः येथून उत्पन्न होतो. मात्र पेटी उघडण्यापूर्वी आंत कोणतें फळ आहे, हें कोणासही सांगतां येत नाहीं.

या नफ्याचें सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इ. स. १९९८ चें आहे. त्या सालच्या ऑगस्ट महिन्यांत इंटेल कंपनीनें 'सेलेरॉन ३००ए' नांवाचा प्रोसेसर १४९ डॉलर किमतीस बाजारांत आणला. त्याचा गुणक ४.५ असा कायमचा बांधलेला होता आणि मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झचा. म्हणून त्याचा वेग ३०० मेगाहर्ट्झ. परंतु त्याच सुमारास निघालेले चांगले मदरबोर्ड १०० मेगाहर्ट्झचा मूळ ठोका देण्यासाठींच बनविलेले होते. लोकांनीं गुणक बंद आहे असें पाहून मूळ ठोकाच ६६ वरून १०० वर नेला. साडेचार गुणिलें शंभर, म्हणजे ४५० मेगाहर्ट्झ! त्याच महिन्यांत निघालेल्या ४५० मेगाहर्ट्झच्या पेंटियम २ ची किंमत ६६९ डॉलर होती. ही गोष्ट जगभर पसरली, आणि 'स्वस्ताचा प्रोसेसर घेऊन त्याचा महागाचा करावा' ही कल्पना तेव्हांपासून तरुणांच्या मनांत घर करून बसली.

परंतु या यशाचें कारण नीट पाहिलें पाहिजे. फळ मोठें होतें, आणि मदरबोर्ड त्या वेगासाठीं आधींच तयार होता; म्हणून बोर्डाचे इतर भाग आपल्या नेहमींच्या वेगानेंच चालत राहिले. शिवाय पुष्कळांस विजेचा दाब फारसा वाढवावा लागला नाहीं. थोडक्यांत, वेग वाढला तरी राखीव शक्ति शिल्लक होती. ज्या यंत्रांत राखीव शक्ति आहे त्याचाच वेग वाढवावा, हा या उदाहरणाचा खरा धडा होय.

याच्या उलट दुसरें उदाहरण इ. स. २०१४ चें आहे. त्या सालीं इंटेलनें पेंटियम या नांवाच्या विसाव्या वर्षानिमित्त 'जी३२५८' हा खुला व स्वस्त प्रोसेसर काढला. नेमलेला वेग ३.२ गिगाहर्ट्झ, पुष्कळांनीं तो ४.५ च्या आसपास नेला. सेलेरॉनचे दिवस परत आले असें वाटलें. परंतु त्यांत काम करणारे कोअर दोनच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस निघालेला 'फार क्राय ४' हा खेळ प्रथम अशा प्रोसेसरांवर सुरूच होईना, कारण तो अधिक कामकऱ्यांची अपेक्षा धरून लिहिलेला होता. दोन मजुरांस कितीही पळविलें तरी चार मजुरांचें काम निघत नाहीं. तात्पर्य, निवड करतांना प्रथम कोअरांची संख्या पाहावी, आणि वेग वाढण्याची शक्यता त्यानंतर पाहावी.

१९९८ सालची युक्ति आज चालत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. इ. स. २०११ पासून इंटेलच्या प्रोसेसरांत मूळ ठोका हा इतर अनेक भागांच्या ठोक्यांशीं बांधला गेला. तो शेंकडा चार-पांचाहून अधिक वाढविला कीं सगळेंच डळमळूं लागतें. म्हणून खुला गुणक हवा. आणि इंटेलमध्यें तो बहुतेक 'के' अक्षराच्या महाग प्रोसेसरांस आणि 'झेड' अक्षराच्या महाग मदरबोर्डांसच मिळतो. एएमडी कंपनीनें मात्र इ. स. २०१७ मध्यें रायझेन प्रोसेसर काढले तेव्हां जवळजवळ सर्वांचाच गुणक खुला ठेवला. त्यांसाठीं महागाचा मदरबोर्डही लागत नाहीं. बी३५०, बी४५०, बी५५०, बी६५० अशा मधल्या वर्गाच्या बोर्डांवर गुणक बदलतां येतो. ए३२०, ए५२०, ए६२० या सर्वांत स्वस्त बोर्डांवर मात्र तो बदलतां येत नाहीं. पुष्कळ विद्यार्थी येथेंच फसतात. खुला प्रोसेसर आणि बंद बोर्ड असा जोड ते घेतात, आणि मग कुलूप आहे पण किल्ली नाहीं, अशी स्थिति होते.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. ती गोष्ट म्हणजे उष्णता. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं पुढील नियम वहींत लिहून ठेवावा. प्रोसेसर चालतांना जी उष्णता उत्पन्न होते ती मुख्यतः वेगाच्या प्रमाणांत, आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. याचें गणित करून पाहूं. समजा, एक प्रोसेसर पूर्ण काम करीत असतां ७५ वॅट उष्णता बाहेर टाकतो. त्याचा वेग शेंकडा दहानें वाढविला, आणि तो टिकावा म्हणून दाबही १.२० व्होल्टांवरून १.३२ व्होल्टांवर, म्हणजे शेंकडा दहानेंच वाढविला. आतां उष्णता १.१ गुणिलें १.१ गुणिलें १.१, म्हणजे सुमारें १.३३ पट झाली. ७५ वॅटांचे १०० वॅट झाले. वेग दहा टक्क्यांनीं वाढला, उष्णता तेहतीस टक्क्यांनीं! असा हा सौदा आहे.

ही उष्णता पंखा व धातूच्या पात्या यांच्या वाटे हवेंत जाते. पण हवा स्वतःच तापलेली असली तर? एखाद्या साध्या पंख्याची योग्यता अशी धरूं कीं, दर वॅटामागें प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षां अर्धा अंश अधिक तापतो. तर ७५ वॅटांस साडेसदतीस अंश, आणि १०० वॅटांस पन्नास अंश वाढ होईल. जानेवारींत आमच्या रामदासपेठेंतील एखाद्या घरांत खोलीचें तापमान २२ अंश असलें, तर नेमल्या वेगानें चालणारा प्रोसेसर सुमारें ६० अंशांवर राहील, आणि वेग वाढविलेला ७२ अंशांवर. दोन्ही आंकडे निर्धोक आहेत. मुलगा आनंदून जाईल, आणि मित्रांस सांगत सुटेल.

आतां तोच संगणक, तेंच घर आणि मे महिन्यांतील दुपार घ्या. बाहेर पारा ४५ अंशांच्या आसपास आहे. वरच्या मजल्यावरील खोली ४० अंशांवर आहे. नेमल्या वेगाचा प्रोसेसर आतां साडेसत्याहत्तर अंशांवर जाईल, आणि वेग वाढविलेला ९० अंशांवर. रायझेन ५ ५६०० या लोकप्रिय प्रोसेसराची कमाल मर्यादा बरोबर ९० अंशांचीच आहे. त्या मर्यादेस पोंचल्यावर आजचे प्रोसेसर स्वतःचा वेग आपण होऊन कमी करतात. म्हणजे ज्या वेगासाठीं जादा पैसे खर्चिले, तो वेग ऐन सुट्टींत, ऐन वापराच्या वेळीं, नाहींसा होतो. उरतो तो फक्त पंख्याचा आवाज आणि विजेचें बिल. दुसऱ्या देशांतील थंड खोलींत घेतलेल्या परीक्षांचे आंकडे वाचून जो नागपुरांत खरेदी करतो, त्यानें हा हिशेब अवश्य करावा. आमच्याकडे प्रोसेसराची खरी परीक्षा मे महिनाच घेतो.

कोणी म्हणेल, आमच्या घरीं कूलर आहे. वाळ्याच्या पडद्यांतून येणाऱ्या वाऱ्यानें खोली पुष्कळ निवते, हें खरें. मे महिन्यांतील कोरड्या हवेंत पाणी झपाट्यानें उडतें व उष्णता शोषून घेतें. परंतु संगणक कूलरच्या झोतासमोर ठेवूं नये. त्या वाऱ्याबरोबर बाष्प आणि कधींकधीं पाण्याचे तुषारही येतात, आणि ओलाव्यावर धूळ बसली कीं पात्यांमध्यें तिचा थर जमतो. संगणक त्याच खोलींत पण बाजूस ठेवावा, भिंतीपासून वीतभर अंतर राखावें, आणि उन्हाळा लागण्यापूर्वी पात्यांतील धूळ मऊ कुंचल्यानें काढावी. यास एक पैसाही लागत नाहीं.

येथें एक खरी घडलेली गोष्ट सांगतों. ती आमच्या रामदासपेठेंतीलच आहे. ३० मे २०२४ रोजीं पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाच्या येथील शेतांत असलेल्या हवामान खात्याच्या स्वयंचलित केंद्रानें ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखविलें. देशभर खळबळ उडाली. सोनेगांव येथील यंत्रानेंही ५४ अंश दाखविले. परंतु त्याच दिवशीं नागपूर परिसरांतील इतर स्वयंचलित केंद्रें ४४ अंशांच्या आसपास होतीं. हवामान खात्यानें चौकशीअंतीं तो आंकडा यंत्राच्या दोषामुळें आलेला असल्याचें स्पष्ट केलें. विद्यार्थ्यांनीं या गोष्टीचा नीट विचार करावा. त्या यंत्रानें ५६ हा आंकडा लिहितांना हात आंखडला नाहीं. खरा आंकडा ज्या निःशंकपणें लिहावा, त्याच निःशंकपणें त्यानें खोटा लिहिला. तो खोटा आहे हें कळलें, तें शेजारच्या यंत्रांशीं ताडून पाहिल्यामुळें.

आपल्या शक्तीपलीकडे पळविलेला प्रोसेसरही याच रीतीनें वागतो. तो बंद पडला तर बरेंच. निदान चूक झाली असें कळतें. पण पुष्कळदां तो बंद पडत नाहीं. कोट्यवधि बेरजांपैकीं एखादी बेरीज चुकते, आणि चुकलेलें उत्तर बरोबर उत्तरासारखेंच पुढें लिहिलें जातें. छायाचित्रांच्या संग्रहांतील एखादें चित्र पुढें उघडत नाहीं. विज्ञान-प्रकल्पाचा तक्ता कोठेंतरी बिघडतो. आणि तो केव्हां बिघडला हें शोधूनही सांपडत नाहीं. ज्या घरांत एकच संगणक आहे, त्यावरच वडिलांचे हिशेब, ताईचा प्रबंध आणि धाकट्याचे खेळ आहेत, तेथें हें नुकसान चार क्षणांच्या वेगानें भरून निघणारें नाहीं. म्हणून आमचें मत असें कीं, गरीब वा मध्यम स्थितींतील कुटुंबानें प्रोसेसर निवडतांना तो किती पळतो यापेक्षां, मे महिन्यांतही त्याजवळ किती राखीव उरतें, हें पाहावें.

दाबाच्या अतिरेकाचा धोका केवळ हौशी मुलांनाच असतो, असेंही समजूं नये. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या कांहीं डेस्कटॉप प्रोसेसरांत, आंतील सूचनांतील दोषामुळें, जरुरीपेक्षां जास्त दाब मागितला जात होता, आणि त्यामुळें ते हळूहळू बिघडत होते. कंपनीनें ऑगस्ट २०२४ मध्यें सुधारलेल्या सूचना प्रसिद्ध केल्या आणि त्या प्रोसेसरांची हमी दोन वर्षांनीं वाढविली. खुद्द कारखानदाराची जेथें चूक होऊं शकते, तेथें आपण दाबाच्या आंकड्यास हात लावतांना किती जपावें! शिवाय कारखान्याची चूक हमींत बसते. आपण ओव्हरक्लॉक करून बिघडविलेला प्रोसेसर हमींत बसत नाहीं.

आतां निवडीच्या कसोट्या क्रमानें सांगतों.

पहिली कसोटी गरजेची. शाळेचे धडे, पत्रें, तक्ते, व्याख्यानें ऐकणें, इतकेंच काम असेल तर ओव्हरक्लॉकिंगचें नांवही काढूं नये. चित्रपट जोडणें, त्रिमिति चित्रें काढणें, मोठे खेळ खेळणें, अशीं कामें असतील तरच पुढें वाचावें.

दुसरी कसोटी कोअरांची. आज नवीन खरेदी करणाऱ्यानें सहा कोअरांहून कमी घेऊं नये. 'अथलॉन ३०००जी' हा इ. स. २०१९ चा प्रोसेसर ४९ डॉलरांस निघाला आणि खुलाही होता. शिकण्यासाठीं तो उत्तम खेळणें ठरला. पण त्यांत कोअर दोनच. पेंटियमची गोष्ट आठवावी.

तिसरी कसोटी चित्राची. रायझेन ५ ५५०० आणि ५६०० यांत पडद्यावर चित्र उमटविणारा भाग नाहीं. त्यांस निराळें ग्राफिक्स कार्ड लागतेंच. ज्यास तें परवडत नाहीं त्यानें ५६००जी सारखा, चित्राचा भाग पोटांतच असलेला प्रोसेसर पाहावा. अशा प्रोसेसरांत रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या घालून त्यांचा वेग वाढविल्यानें जो लाभ होतो, तो कोअरांचा वेग वाढवूनही होत नाहीं. कारण चित्र काढणारा भाग त्याच रॅमवर जगतो.

चौथी कसोटी जोडीची. बोर्ड 'बी' वर्गाचा घ्यावा, आणि प्रोसेसरास वीज पुरविणाऱ्या भागावर धातूच्या पात्या बसविलेल्या आहेत कीं नाहींत तें पाहावें. प्रोसेसर डब्यांतील, पंख्यासह व हमीसह असलेला घ्यावा. सुटा विकला जाणारा थोडा स्वस्त पडतो, परंतु त्यास पंखा नसतो आणि हमीचीही चौकशी करावी लागते.

पांचवी व सर्वांत महत्त्वाची कसोटी हिशेबाची. समजा, एक सहा कोअरांचा प्रोसेसर १०,००० रुपयांस मिळतो. त्याचा वेग शेंकडा ६ नें वाढावा म्हणून २,५०० रुपयांचा मोठा पंखा आणि २,००० रुपयांनीं महाग बोर्ड घेतला. म्हणजे ४,५०० रुपयांत ६ टक्के. दर टक्क्यास ७५० रुपये पडले. आतां समजा, शेजारच्याच फळीवर १३,००० रुपयांचा दुसरा प्रोसेसर आहे, आणि तो जसाच्या तसा शेंकडा १२ नें जलद आहे. येथें ३,००० रुपयांत १२ टक्के. दर टक्क्यास २५० रुपये. कोणता सौदा बरा, हें पांचवीचा मुलगाही सांगेल. आंकडे आम्हीं केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. बाजारभाव रोज बदलतात. परंतु दुकानांत जाण्यापूर्वी हा भागाकार कागदावर अवश्य करावा. नाहीं तर चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, असा प्रकार होतो. आजचे प्रोसेसर स्वतःच आपला वेग परिस्थितीप्रमाणें वाढवितात, म्हणून हातानें वाढविण्यास जागा फार थोडी उरते. रायझेन ५ ५६०० याचा मूळ वेग ३.५ गिगाहर्ट्झ आहे, आणि तो आपण होऊन ४.४ पर्यंत जातो. १९९८ सालीं दीडपट मिळत असे; आज त्याच्या जवळपासही कांहीं मिळत नाहीं.

मग खुला गुणक घेऊन करावयाचें काय? आमची सूचना अशी आहे. रायझेनमध्यें खुलेपणाबद्दल निराळी किंमत द्यावी लागत नाहीं, म्हणून खुला घ्यावा. परंतु त्याचा पहिला उपयोग दाब कमी करण्याकडे करावा. वर सांगितलेला वर्गाचा नियम उलटही चालतो. वेग तोच ठेवून दाब शेंकडा पांचानें उतरविला, तर उष्णता सुमारें शेंकडा दहानें उतरते. ७५ वॅटांचे ६८ वॅट होतात, आणि मे महिन्यांतील दुपारीं प्रोसेसर साडेतीन अंशांनीं निवतो. निवलेला प्रोसेसर आपला चढता वेग अधिक काळ टिकवितो. म्हणजे दाब उतरवून वेग मिळाला! थंड देशांतील हौशी लोक दाब चढवोत; आमच्या हवेस ही उलटी रीतिच अधिक मानवते.

ज्यास इतक्यानें समाधान होत नाहीं, त्यानें पुढील क्रम पाळावा. प्रथम घरांतील सर्व महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी. मग बायोसमध्यें जाऊन रॅम तिच्या पट्टीवर लिहिलेल्या वेगानें चालत आहे कीं नाहीं तें पाहावें; पुष्कळ संगणकांत ती वर्षानुवर्षें कमी वेगानें चालत असते, आणि धन्यास त्याचा पत्ताही नसतो. त्यानंतर एका वेळीं एकच आंकडा, आणि तोही एकच पायरी बदलावा. प्रत्येक पायरीनंतर परीक्षा घ्यावी. या परीक्षेसाठीं 'प्राइम९५' नांवाचा कार्यक्रम प्रसिद्ध आहे. इ. स. १९९६ पासून जगभरचे लोक मिळून ३, ७, ३१, १२७ अशा मर्सेन जातीच्या अधिकाधिक मोठ्या मूळ संख्या शोधीत आहेत. हा कार्यक्रम त्या शोधासाठीं लिहिला गेला. ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं प्रचंड गणितें तो प्रोसेसराकडून करून घेतो आणि उत्तर पडताळतो. एक अंकही चुकला तर तो तेथेंच थांबून सांगतो. शेजारच्या यंत्राशीं ताडून पाहणें तें हेंच. ही परीक्षा रात्रीच्या गारव्यांत घेऊं नये. दुपारीं तीन वाजतां घ्यावी. चूक निघाली तर दाब चढवीत बसूं नये. एक पायरी खालीं यावें, आणि वर आणखी एक पायरी राखीव म्हणून सोडावी.

पालकांस आमची विनंति अशी कीं, या छंदास केवळ उधळपट्टी समजून मुलांस रागावूं नये. यांत गुणाकार आहे, वर्गाचा नियम आहे, उष्णतेचें शास्त्र आहे, आणि नोंद ठेवून प्रयोग करण्याची शिस्त आहे. मात्र पैशाचा हिशेब मुलानें आधीं मांडून दाखवावा, असा आग्रह अवश्य धरावा. बुरूज बांधूं पाहणाऱ्यानें अगोदर बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असा एक दृष्टांत प्रभु येशूनें सांगितला आहे. आणि अंथरूण पाहून पाय पसरावे, असें आमचे वाडवडील सांगत आले आहेत. दोहोंचा अर्थ एकच आहे, आणि तो संगणकासही लागू पडतो.

विद्यार्थिमित्रांनो, शेवटीं तुम्हांस एक काम सांगतों. एक साधी वही घ्या. तींत चार रकाने आंखा: तारीख, खोलीचें तापमान, पूर्ण काम करतांना प्रोसेसराचें तापमान, आणि त्या वेळचा वेग. खोलीचें तापमान भिंतीवरील साध्या तापमापकानें घ्या, संगणकाच्या पडद्यावरील आंकड्यावर विसंबूं नका. जानेवारीपासून जूनपर्यंत दर रविवारीं दुपारीं एकेक ओळ भरा, आणि कांहींही बदलूं नका. सहा महिन्यांनीं त्या वहींत जें दिसेल त्यावरून तुमच्या प्रोसेसरांत राखीव आहे कीं नाहीं, हें तुमचें तुम्हांसच कळेल; आणि मग वेग वाढवावा कीं न वाढवावा, हें आम्हांस विचारण्याची तुम्हांस जरूर पडणार नाहीं.